जुना एफएम ट्यूनर आणि कंडेन्सर बदलणं: सांगली-मिरजेतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, तासगाव, विटा या पट्ट्यात जुने ट्यूनर, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरला जोडून ऐकायचे रेडिओ, अजून बरेच आहेत. काही आखातातून आलेले, काही मुंबईच्या चोर बाजारातून, तर काही गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यासाठी देशभर पसरलेल्या विटेकरांनी परगावाहून आणलेले. सान्सुई, पायोनियर, केनवूड, यामाहा ही नावं पुन्हा पुन्हा येतात. आणि पहिला प्रश्न ठरलेला: सगळे कंडेन्सर काढून नवीन टाकू का? नका टाकू. कुठले टाकायचे आणि कुठले नाही, ते पुढे सविस्तर आहे.

ट्यूनर चाळीस वर्षांचा आहे, पण वाजतोय. तरी कंडेन्सर बदलायला हवेत का?

वाजतोय म्हणजे सगळं ठीक आहे असं नाही, आणि जुना आहे म्हणजे बिघडलाय असंही नाही. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरच्या आत द्रवात भिजलेला कागद असतो. तो द्रव खालच्या रबरी बुचातून वर्षानुवर्षं हळूहळू उडून जातो. मग क्षमता घटते आणि आतला विरोध, म्हणजे ईएसआर, वाढतो.

साधा हिशोब करून पाहा. कंडेन्सरवर ८५ अंश लिहिलेलं आहे आणि कंपनीने त्या तापमानाला २,००० तास आयुष्य सांगितलंय असं धरा. तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. ट्यूनरच्या पेटीत ४५ अंश असेल तर २,००० चे ३२,००० तास होतात. रोज चार तास वाजवला तर जवळपास बावीस वर्षं. १९७८ च्या सेटने ही मुदत कधीच ओलांडली. पण तोच सेट कपाटात पडून असेल तर हा हिशोब लागू होत नाही. तिथे बूच कडक होतं आणि आतला ऑक्साइडचा थर पातळ पडतो, तो प्रकार वेगळा.

म्हणून वय बघून ठरवू नका, मीटर लावून ठरवा. साधा ईएसआर मीटर आता फार महाग राहिलेला नाही.

कंडेन्सरच्या आधी काय बघायचं?

एरियल, स्विचचे कॉन्टॅक्ट, गँग (स्टेशन बदलताना फिरणारा पानांचा कंडेन्सर) आणि सुके, म्हणजे सोल्डरने नीट न धरलेले, जोड. याच क्रमाने. कंडेन्सरचा नंबर त्यानंतर.

"ट्यूनर कमजोर झालाय" म्हणून आणलेल्या सेटांपैकी कित्येकांना मागे दीड फूट वायर लोंबत असते, बाकी काही नाही. फिरवताना खरखर करणाऱ्या सेटात बहुतेक वेळा गँगच्या दांड्याला टेकणाऱ्या पितळी पट्ट्या काळ्या पडलेल्या असतात. या पट्ट्या दांडा जमिनीला, म्हणजे चासीला जोडतात. तिथे मळ साचला की स्टेशन उड्या मारायला लागतं आणि माणूस बिचारा कंडेन्सर शोधत बसतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक थेंब काडीच्या टोकाने फक्त त्या पट्टीवर सोडा. गँगच्या पानांवर फवारा मारू नका आणि पानं वाकवू तर मुळीच नका.

मार्केट यार्डाच्या आसपासच्या घरांतले सेट उघडले की गँगच्या पानांत हळदीची बारीक पिवळी पूड सापडते. ती ब्रशने नाही, फुंकणीने काढायची. ब्रशने ती आणखी आत जाते.

कुठले कंडेन्सर बदलायचे?

आधी पॉवर सप्लायचे. डायोडनंतरचा मोठा फिल्टर आणि रेग्युलेटरच्या आजूबाजूचे छोटे. हे गरम भागाजवळ बसलेले असतात, म्हणून आधी हेच जातात. फिल्टर दमला की स्पीकरमध्ये १०० हर्ट्झची जाडसर गुणगुण येते. ५० हर्ट्झची खालच्या पट्टीतली गुणगुण असेल तर बहुधा ती अर्थिंगची किंवा वायरींच्या मांडणीची, त्यात फिल्टरचा दोष नाही.

मग आवाजाच्या वाटेवरचे. स्टिरिओ डीकोडरपासून (डावा-उजवा आवाज वेगळा करणारा भाग) मागच्या आरसीए सॉकेटपर्यंत जे १, ४.७, १० मायक्रोफॅरडचे असतात ते. एक बाजू मंद, दुसरी खणखणीत, असा प्रकार असला की इथेच बघायचं.

तिसरे म्हणजे थेंबाच्या आकाराचे टँटलम. हे जाताना बहुतेक वेळा शॉर्ट होऊन जातात आणि म्यूटिंगचा (दोन स्टेशनांमधली खरखर गप्प करणारा) भाग किंवा एखादी सप्लाय लाइन आडवी करतात. यांच्या जागी चांगला इलेक्ट्रोलिटिक किंवा फिल्म (प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीचा) चालतो. एक सापळा मात्र ध्यानात ठेवा. टँटलमवर अधिकची खूण असते आणि इलेक्ट्रोलिटिकवर वजाची पट्टी. सवयीने पट्टीसमोर खूण ठेवून बसवलात तर नवा कंडेन्सर उलटा बसला म्हणून समजा.

चौथा प्रकार थोडा नाजूक आहे. काही जपानी सेटांत नारिंगी कवचाचे छोटे लो-लीकेज कंडेन्सर असतात, ०.४७ ते २.२ मायक्रोफॅरडचे. ते गळती कमी ठेवायची म्हणून मुद्दाम निवडलेले असतात. तिथे बाजारातला कुठलाही साधा इलेक्ट्रोलिटिक टाकला तर म्यूटिंग विचित्र वागू लागतं. पाच मिलिमीटर अंतरावर पाय असलेले फिल्म कंडेन्सर या मापात सहज मिळतात. इथे तेच टाका.

ज्यांच्यावर एनपी किंवा बीपी लिहिलंय ते बायपोलर असतात. बायपोलरच्या जागी बायपोलर किंवा फिल्म, दुसरं काही नाही.

आणि हात कुठे लावायचा नाही?

फ्रंट एंड. म्हणजे गँगभोवतीचा पत्र्याचा डबा आणि त्यातलं सगळं. तिथले सिरॅमिक डिस्क कंडेन्सर पन्नास वर्षांनीही बहुधा ठणठणीत असतात. काहींच्या डोक्यावर रंगाचा ठिपका असतो. काळा म्हणजे तापमानाने न बदलणारा, एनपीओ. जांभळा म्हणजे एन७५०, तापमान वाढलं की ठरलेल्या प्रमाणात क्षमता कमी करणारा. तो तिथे मुद्दाम बसवलेला असतो, कारण सेट तापला की कॉइल एका बाजूला सरकते आणि हा तिला उलट्या बाजूला ओढून धरतो. जांभळ्याच्या जागी साधा डिस्क टाकलात की अर्ध्या तासाने स्टेशन सरकलंच.

डीकोडर आयसीजवळचा पारदर्शक किंवा चंदेरी पॉलीस्टायरीन कंडेन्सरही सोडून द्या. तो आतल्या ऑसिलेटरचा ताल सांभाळतो. शिवाय प्लॅस्टिकचाच असल्याने सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ टेकलं तर वितळतो.

ट्रिमर (जुळवणीचे छोटे फिरते कंडेन्सर) आणि आयएफटीचे (पत्र्याच्या डबीतले छोटे ट्रान्सफॉर्मर) कोर "जरा फिरवून बघू" म्हणून फिरवू नयेत. आयएफटीचा कोर म्हणजे खडूसारखा फेराइट, स्क्रू ड्रायव्हरने एकदा फुटला की आतच अडकतो.

पीसीबीवर चॉकलेटी रंगाचं काहीतरी चिकटलंय. कंडेन्सर फुटलाय का?

बहुधा नाही. कारखान्यात मोठे कंडेन्सर हलू नयेत म्हणून लावलेला तो डिंक आहे. मुळात फिकट पिवळा होता, उष्णतेने काळपट पडला. हे जुनं झालेलं चिकट वीज वाहून नेऊ लागतं आणि शेजारच्या रेझिस्टरचे पाय खातं. लाकडी काडीने खरवडून काढा, आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, आणि त्याखालचे पाय हिरवे किंवा काळे पडलेत का ते भिंगातून बघा. पडले असतील तर तो रेझिस्टरसुद्धा बदला. यात आळस केला तर नव्या कंडेन्सरचा काही उपयोग नाही.

२२०० मायक्रोफॅरडच्या जागी १०,००० टाकला तर आवाज सुधारेल?

नाही. चालू करताना डायोड आणि ट्रान्सफॉर्मरवर प्रचंड झटका येईल, तेवढंच. फिल्टरला दीडपटीपर्यंत वाढ ठीक, २२०० ला ३३०० पुरे. व्होल्ट जास्त चालतात, १६ च्या जागी २५ किंवा ३५ बिनधास्त टाका. म्यूटिंगच्या, स्टिरिओ दिव्याच्या आणि पीएलएल (डीकोडरचा ताल स्टेशनशी जुळवणारा भाग) फिल्टरच्या जागी मात्र मूळ मापच टाका, कारण तिथे कंडेन्सर वेळ ठरवतो.

प्रत्येक इलेक्ट्रोलिटिकला समांतर ०.१ चा फिल्म चिकटवायची एक साथ मध्यंतरी आली होती. ट्यूनरमध्ये त्याचा फायदा मला कधी ऐकू आलेला नाही.

कुठले घ्यायचे आणि कुठे मिळतील?

१०५ अंशाचे घ्या. वरच्याच हिशोबात २,००० तासांचा १०५ अंशाचा कंडेन्सर ४५ अंशाला १,२८,००० तासांवर जातो. निचिकॉन, रुबीकॉन, पॅनासॉनिक, निप्पॉन केमीकॉन ही जपानी नावं विश्वासाची. आपल्या केल्ट्रॉनचेही पॉवर सप्लायसाठी उत्तम. ऑडिओसाठी म्हणून विकले जाणारे सोनेरी-हिरवे महागडे कंडेन्सर वाईट नाहीत, पण चार जागी ते आणि बाकी साधे ठेवले तर फरक ओळखणारा कान मी तरी पाहिलेला नाही.

सांगलीत साधी मापं मिळतात. नेमकी मालिका हवी असेल तर पुण्याची बुधवार पेठ, मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा ऑनलाइन. नकली माल भरपूर आहे. छपाई फिसकटलेली, वजन हलकं, आणि नामांकित कंपनीचा कंडेन्सर दोन रुपयांना, असं असेल तर घेऊ नका. दुकानदाराच्या डब्यात वर्षानुवर्षं पडलेला "ओरिजिनल जपान" तर नकोच. तो न वापरलेला असला तरी तुमच्या सेटमधल्याइतकाच म्हातारा असतो.

बदलताना काय काळजी घ्यायची?

आधी प्लग काढा. स्विच बंद केल्याने २३० व्होल्ट पेटीतून निघून जात नाहीत, ते स्विचच्या अलीकडच्या टोकापर्यंत येऊन थांबलेले असतात. फिल्टर कंडेन्सर एक किलोओहमच्या रेझिस्टरने रिकामा करा. स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढणं हा मर्दपणा नाही.

मोबाइलवर भरपूर फोटो काढा, वरून आणि खालून. कुठल्या बोर्डावर अधिकची खूण छापलेली असते, तर कुठल्या बोर्डावर वजाची बाजू काळी भरलेली. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत पद्धत वेगळी असू शकते. जुना कंडेन्सर कसा बसला होता ते बघून, मग सर्किटशी ताडून, मग नवा बसवा.

या काळातले बोर्ड तपकिरी, कागद आणि रेझिनचे. तांब्याचा थर त्यांना जेमतेम चिकटलेला असतो. सोल्ड्रॉनचा २५ वॅटचा आयर्न पुरतो. जुन्या जोडावर आधी थोडं ताजं शिसं द्या, ६०/४० किंवा ६३/३७ चं. ताजं शिसं वितळलं की जुनंही सैल होतं. मग पंपाने एकदाच ओढा. तीन सेकंदांत निघालं नाही तर थांबा, गार होऊ द्या, परत करा. हिसडा दिलात तर तांब्याची चकती पायाबरोबर वर येते आणि मग वायरचे जुगाड सुरू होतात.

एका वेळी एकच भाग करा. पॉवर सप्लाय केला की सेट लावून ऐका, मग डीकोडर. सगळे एकदम बदलले आणि सेट मुका झाला तर कुठे चुकलं हे शोधायला पूर्ण आठवडा जाईल.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्डातून, म्हणजे लाइनमध्ये बल्ब घातलेल्या बोर्डातून, करा. ४० किंवा ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब हवा, एलईडी नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर लगेच बंद करा, कुठेतरी शॉर्ट आहे.

अमेरिकेहून भाच्याने आणलेला ट्यूनर इथे दबका वाजतो. कंडेन्सर गेलेत का?

गेलेले नाहीत, पण यावर उपाय कंडेन्सरचाच आहे. आणि आपल्याकडे ट्यूनरमध्ये कानाला स्पष्ट जाणवणारी सुधारणा कुठली विचाराल तर मी हीच सांगेन.

एफएम प्रसारणात उंच स्वर मुद्दाम वाढवून पाठवतात आणि ट्यूनर ते तेवढेच खाली आणतो. त्यामुळे वाटेतली सूं-सूं कमी होते. हे वाढवणं-उतरवणं किती, ते मायक्रोसेकंदांत मोजतात. भारतात, युरोपात, जपानमध्ये ५०. अमेरिकेत ७५. अमेरिकन सेट आपलं स्टेशन गरजेपेक्षा जास्त उतरवतो. १० किलोहर्ट्झला हा फरक तीन डेसिबलहून थोडा जास्त पडतो. झांज, टाळ, तबल्याच्या चाटीवरची धार, सगळं कांबळ्याखाली गेल्यासारखं.

काही मॉडेलांच्या मागे ५० आणि ७५ चा स्विच असतो, तो आधी शोधा. नसेल तर डीकोडरच्या निकासाला, दोन्ही चॅनेलना एकेक, रेझिस्टर-कंडेन्सरची जोडी असते. दोघांचा गुणाकार म्हणजे तो आकडा. ५ किलोओहम आणि ०.०१५ मायक्रोफॅरड म्हणजे ७५. कंडेन्सर ०.०१ केलात की ५०. एमसी१३१० किंवा त्याच्या जातीच्या आयसीला बहुधा ३.९ किलोओहमसोबत ०.०२ असतो. तिथे ०.०१ आणि ०.००३३ समांतर लावा, ५२ च्या आसपास येतो. कानाला तेवढं पुरेसं. फिल्म कंडेन्सर वापरा, आणि दहा-बारा घेऊन मीटरवर एकसारखे दोन निवडा. डावा-उजवा फरक पडला तर गायक मधोमध न राहता एका बाजूला झुकतो.

रेझिस्टर बदलून हेच करता येतं, पण त्याने आवाजाची पातळीही हलते. कंडेन्सरच बदला.

त्या अमेरिकन सेटला ११० चा ट्रान्सफॉर्मर लावलाय. चालेल ना?

चालेल, पण हात लावून बघत जा. अमेरिकेत १२० व्होल्ट ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५० हर्ट्झ. फ्रिक्वेन्सी उतरली की ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावर ताण वाढतो. १२० भागिले ६० म्हणजे २. तेवढाच ताण ५० हर्ट्झला ठेवायचा तर व्होल्ट १०० हवेत. ११० वर तो थोडा जास्त तापेल. ट्यूनर जेमतेम दहा-वीस वॅट खातो म्हणून बहुतेक जण निभावून नेतात. १०० चा टॅप असलेला स्टेपडाउन मिळाला तर उत्तम, कारण आपल्याकडे रात्री उशिरा लाइन २५० पर्यंतही जाते.

मागे व्होल्टेज सिलेक्टर असेल तर २२० किंवा २४० वर करा, प्रश्नच मिटला. मात्र स्विचवर आडवा बसवलेला ठिणगीरोधक कंडेन्सर बघा. १२५ व्होल्ट एसीचा असेल तर २३० वर टाकण्याआधी काढून एक्स२ वर्गाचा, २७५ व्होल्ट एसीचा टाका. साधा ४०० व्होल्ट डीसीचा इथे चालत नाही. लाइनवर तो शॉर्ट झाला तर पेटतो.

जपानमधून स्वस्तात मिळतोय. घेऊ का?

डायलच्या दोन टोकांचे आकडे बघा. ७६ ते ९० असेल तर नका घेऊ. तो जपानच्या घरच्या बाजारासाठी आहे. कोल्हापूरचा टोमॅटो एफएम ९४.३ वर, पुण्याची विविध भारती १०१ वर, त्या डायलवर दोन्ही नाहीत. कंडेन्सर बदलून हे साधत नाही, फ्रंट एंडच्या कॉइलपर्यंत जावं लागतं.

डिजिटल अमेरिकन ट्यूनर काही स्टेशनं पकडतच नाही.

तो ०.२ च्या पायरीने चालतो आणि फक्त विषम आकड्यांवर थांबतो: ९४.३, ९८.३ वगैरे. १०१.० त्याच्या वाटेत येत नाही. आत किंवा मागे पायरीचा स्विच किंवा जंपर असेल तर तो बदला. हा बिघाड नव्हे.

आकाशवाणी सांगली यावर लागेल का?

सांगली केंद्राची जुनी जागा मीडियम वेव्हवर, १२५१ किलोहर्ट्झला. नुसत्या एफएम ट्यूनरवर ती नाही, एएम-एफएमवर आहे. अमेरिकन डिजिटल सेट एएमला १० किलोहर्ट्झच्या पायरीने जातो, म्हणून तो १२५० वर थांबेल. एका किलोहर्ट्झचा फरक कानाला चालून जातो.

महापुरात सेट बुडाला होता. कंडेन्सर बदलले की चालू होईल?

२००५, २०१९, २०२१. प्रत्येक पुरानंतर गावभागातून आणि नदीकाठच्या वाड्यांमधून असे सेट येतात. इथे माझं वरचं सगळं म्हणणं उलटं फिरतं. बुडालेल्या सेटात इलेक्ट्रोलिटिक सरसकट बदला, मोजत बसू नका. पण ते सगळ्यात शेवटचं काम.

पहिलं म्हणजे चालू करून बघायचं नाही. कितीही कोरडा दिसला तरी. कव्हर काढा, गाळ वाळलेला असेल तर पुन्हा ओला करा आणि साध्या पाण्याच्या हलक्या धारेने काढा. कृष्णेचा गाळ अगदी बारीक असतो, आयएफटीच्या पत्र्याच्या डब्यांखाली आणि आयसीच्या पायांमध्ये जाऊन बसतो. मऊ टूथब्रश घ्या. नंतर डिस्टिल्ड वॉटर, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोल. सावलीत, पंख्याखाली, चांगले काही दिवस वाळवा. उन्हात ठेवलात तर डायलचं प्लॅस्टिक वाकतं.

मग ट्रान्सफॉर्मर. मेगरने प्रायमरी आणि चासीमधला इन्सुलेशनचा विरोध मोजा. मेगर नसेल तर वायंडिंगचं काम करणाऱ्या कुणाकडेही असतो, मोटारी भरणारे रोज तेच करतात. आकडा कमी असेल तर ट्रान्सफॉर्मर सोडवून, बल्ब लावलेल्या बंद खोक्यात मंद उबेवर ठेवा, परत मोजा. तरी चढला नाही तर नवीन भरून घ्या.

खरं दुखणं आयएफटीत असतं. डब्याच्या बुडाशी नळीच्या आकाराचा इवलासा सिरॅमिक कंडेन्सर आतच बसवलेला असतो. ओलीने त्याच्यावरची चांदी काळी पडते. सेट वाजतो, पण मधूनमधून तडतड करतो, आणि डब्याला बोटाने टकटक केलं की बदलतो. डबा काढून, बुडाचा कंडेन्सर मोडून काढून, बाहेरून त्याच मापाचा एनपीओ लावता येतो. यानंतर अलाइनमेंट, म्हणजे कोर आणि ट्रिमर पुन्हा जुळवणं, अटळ.

वरच्या मजल्यावर होता आणि नुसती दमट हवा लागली, तर वाचतो. पूर्ण दोन-तीन दिवस पाण्याखाली होता, तर स्पष्ट सांगतो, भागांसाठी ठेवा. आठवण म्हणून दुरुस्त करायचा असेल तर गोष्ट वेगळी, मग खर्चाचा हिशोब करू नका.

कंडेन्सर बदलल्यावर अलाइनमेंट करावी लागते का?

पॉवर सप्लाय आणि ऑडिओचेच बदलले असतील तर नाही. तरी दोन गोष्टी तपासून घ्या, कारण त्या वयाने सरकलेल्या असतातच.

एक, डिटेक्टर, म्हणजे लहरीतून आवाज वेगळा काढणारा भाग. आवाजात "स" फाटत असेल तर बहुतेक वेळा दोष इथे असतो, कंडेन्सरमध्ये नाही. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दोन टेस्ट पॉइंट दिलेले असतात. स्टेशन नेमकं लावा, व्होल्टमीटर त्या दोन पॉइंटांवर ठेवा, आणि प्लॅस्टिकच्या चावीने डिटेक्टर आयएफटीचा दिलेला कोर अगदी जरासा फिरवून शून्य आणा. दुसरा कोर डिस्टॉर्शनचा असतो. त्याला सिग्नल जनरेटर लागतो. वालचंद कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांशी ओळख असेल तर जनरेटर आणि स्कोप या दोन्ही गोष्टींसाठी ती कामी येते.

दोन, स्टिरिओचा ऑसिलेटर. एचए११५६, एमसी१३१० या जातीच्या आयसीत तो ७६ किलोहर्ट्झला चालतो आणि टेस्ट पॉइंटवर १९ मिळतात. हर्ट्झ मोजणारा मल्टीमीटर पुरतो. स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवा, प्रीसेट (बोर्डावरचा छोटा फिरता रेझिस्टर) फिरवून १९.०० आणा. लाल दिवा लुकलुकायचा बहुतेक वेळा इथेच थांबतो.

सिरॅमिक फिल्टर बदलले तर?

कोल्हापूरचं स्टेशन शेजारच्या स्टेशनात मिसळत असेल तरच विचार करा. १०.७ मेगाहर्ट्झचे हे तीन पायांचे फिल्टर रंगाच्या ठिपक्याने ओळखतात: लाल म्हणजे नेमका १०.७०, निळा १०.६७, नारिंगी १०.७३. सगळे एकाच रंगाचे हवेत. अरुंद टाकले की शेजारी दूर होतो, पण आवाजातलं डिस्टॉर्शन वाढतं आणि स्टिरिओची फारकत घटते. फुकट काही मिळत नाही.

नव्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडल्यावर बास कमी वाटतो.

ट्यूनरच्या निकासाला १ मायक्रोफॅरड असेल आणि अ‍ॅम्प्लिफायरचा इनपुट ४७ किलोओहमचा असेल तर कट ३.४ हर्ट्झला लागतो, म्हणजे काहीच तक्रार नाही. इनपुट १० किलोओहमचा असेल तर तोच कट १६ हर्ट्झवर येतो. तिथे ४.७ चा टाका.

एरियल कसला लावू?

या प्रश्नाला खरं तर कंडेन्सरच्या आधीची जागा द्यायला हवी होती. १०० मेगाहर्ट्झची लहर तीन मीटरची. अर्ध्या लहरीचा डायपोल थोडा आखूड घेऊन १.४३ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला ७१ सेंटीमीटर अ‍ॅल्युमिनियमची नळी. मधोमध केबल टीव्हीची ७५ ओहमची आरजी-६ वायर. गच्चीच्या कठड्याच्या वर न्या. कोल्हापूर सांगलीहून पश्चिमेला, किंचित नैऋत्येकडे पडतं, म्हणून डायपोल साधारण उत्तर-दक्षिण आडवा ठेवा. मागे फक्त ३०० ओहमचे दोन स्क्रू असतील तर टीव्हीचा चार-एकचा छोटा बालून (३०० आणि ७५ ओहम जुळवणारा ट्रान्सफॉर्मर) लावा.

स्टिरिओला मोनोपेक्षा सुमारे २० डेसिबल जास्त सिग्नल लागतो. मोनोत स्वच्छ आणि स्टिरिओत सूं-सूं अशी तक्रार असेल तर कुठलाही कंडेन्सर ती सोडवणार नाही.

नवे कंडेन्सर "रुळायला" दोनशे तास लागतात म्हणे?

नाही. चालू करा, तासाभरात जे व्हायचं ते होऊन जातं. दोनशे तासांत रुळतो तो आपला कान.

व्हॉल्व्हचा ट्यूनर असेल तर?

तिथे नियम वेगळे. मेणाच्या कागदी कंडेन्सरांची गळती इतकी वाढलेली असते की ते न मोजता काढावेत, विशेषतः व्हॉल्व्हच्या ग्रिडला जाणारे. शिवाय आत दोनशे-तीनशे व्होल्ट डीसी असतात. ट्रान्झिस्टरच्या ट्यूनरवर हात बसलेला नसेल तर यापासून सुरुवात करू नका.

मिस्त्री म्हणतात, सगळे बदलल्याशिवाय गॅरंटी देत नाही. काय करू?

त्यांच्या बाजूनेही बघा. एक भाग बदलून सेट दिला आणि महिन्याने दुसरा गेला तर गिऱ्हाईक त्यांनाच बोलतं. म्हणून आधीच लेखी ठरवा: सप्लाय आणि ऑडिओचे इलेक्ट्रोलिटिक बदलायचे, फ्रंट एंडला हात नाही, अलाइनमेंटचे पैसे वेगळे. काढलेले सगळे कंडेन्सर पिशवीत परत मागा, आणि घरी आणल्यावर त्यातले दोन-चार मीटरवर लावून बघा. पिशवीत डिस्क सिरॅमिक किंवा पॉलीस्टायरीन निघाले तर सेट घेऊन दुसऱ्याच दिवशी परत जा.